वॉशरची टाकी रात्रीतून रिकामी का होते?

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे वायपर-वॉशरची पत्रं वाढतात, कारण वर्षभर जिच्याकडे कुणी बघत नाही ती स्टिअरिंगशेजारची दांडी पहिल्या वळवाच्या चिखलात एकदम आठवते. एक्सप्रेसवेवर पुढच्या ट्रकने काचेवर चिखल उडवला, तुम्ही दांडी ओढली आणि पाणीच आलं नाही, तर वायपर तो चिखल काचभर सारवून ठेवतो आणि पुढचे काही सेकंद समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. 100 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास 28 मीटर जाते, हिशोब तुम्हीच करा. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून सगळे वॉशरचेच घेतलेत. गाड्यांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत, दहा-पंधरा वर्षं झाली की रबर आणि प्लॅस्टिक सगळ्यांच्याच गाडीत सारखंच वागतं.

प्रश्न : काका नमस्कार, माझ्याकडे 2009 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सेकंडहँड घेतलेली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. वॉशरची टाकी संध्याकाळी गळ्यापर्यंत भरली तरी दुसऱ्या दिवशी दुपारी काचेवर थेंब येत नाही, नुसता मोटरचा घुर्र आवाज. गाडीखाली पुढच्या डाव्या चाकाजवळ ओलं दिसतं. गॅरेजवाल्याने मोटर बदलली, पैसे घेतले, आठवड्याभरात परत तेच. आता म्हणतो बंपर उतरवून अख्खी टाकीच बदलावी लागेल. इतक्या जुन्या गाडीला हा खर्च करू का? घरी होण्यासारखं असेल तर करायची तयारी आहे, पण मला स्क्रूड्रायव्हर धरता येतो एवढंच. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : थांबा, खर्च अजून करायचाच नाहीये. तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे, गाडी नुसती उभी असताना पाणी जातंय. वॉशर गळतो असं सगळेच म्हणतात, पण त्यात दोन अगदी वेगवेगळ्या तक्रारी असतात, एक म्हणजे काही न करता टाकी रिकामी होते आणि दुसरी म्हणजे टाकी भरलेली राहते पण दांडी ओढली की पाणी काचेऐवजी भलतीकडे जातं. आधी ही कुठली ते ठरवा, पार्ट नंतर. बहुतेक ठिकाणी उलटं चालतं, आधी पार्ट येतो आणि मग विचार.

तुमची पहिली. उभ्या गाडीतून पाणी जातं ते टाकीतून किंवा टाकीला चिकटलेल्या गोष्टींतून, म्हणजे मोटर, मोटरचं रबर, टाकीचा सांधा आणि मोटरवरून निघालेली नळी जिथपर्यंत पाण्याच्या पातळीखाली आहे तिथपर्यंत. बोनेटवरचे नोझल आणि वरच्या नळ्या यात येत नाहीत, त्या टाकीच्या वर असतात आणि मोटर बंद असताना पाणी काही आपणहून चढून तिथे जात नाही. आणि घुर्र आवाज येतोय म्हणजे फ्यूज, स्विच, वायर, मोटर सगळं ठीक आहे. फक्त कोरडी मोटर उगाच चालवत बसू नका, ती आतल्या पाण्यावरच थंड राहते, रिकामी फिरवली की लवकर जाते.

त्याआधी एक खात्री करून घ्या, खाली पडलेलं पाणी वॉशरचंच आहे ना? एसीचं पाणी डावीकडे पॅसेंजरच्या पायाच्या आसपास खाली टपकतं, ते स्वच्छ असतं आणि उन्हाळ्यात टपकायलाच पाहिजे, त्याची तक्रार नको. कूलंट मात्र हिरवं, गुलाबी किंवा निळं असतं, बोटाला बुळबुळीत लागतं, थोडा गोडसर वास येतो (वास घ्या, चव घेऊ नका, ते विषारी असतं), आणि ते पडत असेल तर वॉशर विसरा आणि गाडी न फिरवता आधी ते बघा. तरीही शंका असेल तर वॉशरच्या टाकीत खायचा रंग चिमूटभर टाका, मग जमिनीवर डाग कसला पडतो त्यावरून कळेल. तेवढं पाणी काचेवर मारू नका म्हणजे झालं, पांढऱ्या बोनेटवर उगाच ओघळ.

आता खरी परीक्षा, हिला पैसे लागत नाहीत. संध्याकाळी टाकी काठोकाठ भरा. विणकामाची लांब सुई किंवा मोठा केबल टाय तोंडातून आत सोडून पाणी कुठपर्यंत आहे त्याची खूण करा (सुईला दोरा बांधा, आत पडली तर बंपर खरंच उतरवावा लागेल). गाडीखाली कोरडा पुठ्ठा किंवा जुना पेपर पसरा. झोपायच्या आधी एकदा बघा, सकाळी एकदा बघा. मला पाणी किती गेलं यापेक्षा पाणी कुठे येऊन थांबलं त्यात जास्त रस आहे, कारण ज्या उंचीला पातळी थांबते त्याच उंचीला भोक असतं. वरचं थोडंसं जाऊन थांबलं तर गळा आणि टाकी जिथे जोडलेत तो सांधा, कारण फेंडरच्या आत बसणाऱ्या कितीतरी टाक्यांचा भरायचा गळा वेगळा तुकडा असतो आणि मध्ये रबरी रिंग असते. तसं असेल तर गंमत अशी की टाकी पाऊण भरायची सवय लावली तरी काम भागतं, कुणी हसलं तर हसू दे. अर्ध्यावर थांबलं तर बहुतेक तडा. आणि पार तळाला गेलं तर मोटर जिथे टाकीत घुसते तिथलं रबर.

तुमचं तळाला जातंय असं पत्रावरून वाटतं, आणि मोटर बदलूनही परत तेच झालं हे त्या रबराकडेच बोट दाखवतं. या मोटरला स्क्रू नसतो, तिची तोटी टाकीच्या भोकातल्या एका जाड रबरी बुशमध्ये नुसती दाबून बसवलेली असते, त्याला ग्रॉमेट म्हणतात. पंधरा वर्षांत ते रबर कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात, आणि त्यात नवी कोरी मोटर दाबली तर पहिले काही दिवस बसते आणि मग खड्ड्यांच्या धक्क्यांनी कडेने पाणी सुटतं. गॅरेजवाल्याला फसवा म्हणत नाही मी, मोटर बदलताना रबर जुनंच ठेवायची सवय सर्रास आहे. फक्त विचारा, रबर नवीन टाकलं होतं का? उत्तर देताना तो क्षणभर थांबला तर समजून जा. लोकल मोटरच्या तोटीची जाडी ओरिजिनलपेक्षा किंचित कमी असणं हेही होतं, तेव्हा रबर नवं टाकूनही गळतं, मग मोटर आणि रबर एकाच मेकचं जोडीने घ्यावं.

घरी होतं का? बऱ्याच गाड्यांत होतं आणि बंपर उतरवावा लागत नाही. सपाट जागेवर गाडी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद, किल्ली काढलेली. डाव्या चाकाजवळ गळतंय ना, मग स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवा म्हणजे चाकाच्या पुढची बाजू आत जाऊन चाकाच्या आणि बंपरच्या मधे हात जाईल एवढी जागा होते (गाडीगणिक फरक पडतो, एकदा दोन्हीकडे फिरवून बघा). आत काळं प्लॅस्टिकचं लायनर दिसेल, त्याच्या पुढच्या काही क्लिपा आणि एखाद-दुसरा स्क्रू काढला की ते बाजूला वाकवता येतं आणि मागे टाकी दिसते. क्लिपा जुन्या असतात, मोडणारच, म्हणून आधीच पाच-सहा नव्या आणून ठेवा, मिळतात सुट्या. जॅक लावायची वेळ आली तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही, स्टँड लावा आणि मागच्या चाकांना दगड लावा. स्टँड नसेल तर हे काम तुमचं नाही, सरळ गॅरेजला द्या आणि पुढचं सगळं त्याला वाचून दाखवा.

मोटरखाली टब ठेवा कारण मोटर ओढली की उरलेलं पाणी एकदम अंगावर येतं. वायरचा कप्लिंग काढा, आतल्या पिना हिरव्या झाल्या असतील तर घासून साफ करा, गळक्या पाण्याने हे हमखास झालेलं असतं. मग मोटर थोडी डावी-उजवी फिरवत ओढा. रबर बोटाने निघतं. त्याच्या आत किंवा मोटरच्या तोटीवर बारीक जाळी असते, तिथे शेवाळ आणि गाळ साचलेला दिसेल, बघून किळस येईल, तो धुवा आणि टाकीही दोन-तीनदा पाणी घालून खळबळून घ्या. टाकीच्या भोकाची कड कपड्याने पुसून कोरडी करा, बोट फिरवून बघा तडा लागतोय का. नवं रबर आधी टाकीत पूर्ण बसवायचं, मग मोटरच्या तोटीला साबणाचं पाणी लावून दाबायची. ऑइल किंवा ग्रीस नको, त्याने असलं रबर फुगतं. भरा, तासभर थांबा, खाली टिश्यू पेपर फिरवून बघा, मगच लायनर बंद करा. आधी लायनर बंद करून मग टेस्ट करणाऱ्यांना सगळं परत उघडावं लागतं.

तडा निघाला तर? इथे लोक घरातलं सगळं लावून बघतात, एम-सील, फेविक्विक, सिलिकॉन, आणि महिन्याभरात सगळं सालासारखं निघून येतं. दोष त्या वस्तूंचा नाही, या टाक्या पॉलिथिलीन नाहीतर पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि या दोन्ही प्लॅस्टिकना जवळपास कुठलाच नेहमीचा गोंद धरत नाही. इलाज म्हणजे प्लॅस्टिक वेल्डिंग, बंपर रिपेअर करणारे लोक ते करतात, टाकी काढून घेऊन गेलात तर फार वेळ लागत नाही. टाकीवर कुठेतरी बारीक अक्षरात पीई किंवा पीपी असं उठवलेलं असतं, भरायची पट्टी त्याच प्लॅस्टिकची हवी, नाहीतर ती एकजीव होत नाही. पीई असेल तर इंजिन ऑइलच्या रिकाम्या कॅनची पट्टी चालते, ती बहुतेक त्याच जातीची असते, फक्त कॅन आतून धुऊन, पुसून, पूर्ण कोरडा करून. सोल्डरिंगची गन असेल तर घरीही जमतं पण उघड्यावर करा, धूर वाईट असतो.

पार्टसाठी नाना पेठेत जा, जुनी मोटर आणि जुनं रबर खिशात घालून. नुसतं मॉडेल सांगितलं तर पहिला प्रश्न येईल ‘कुठल्या सालची’, आणि एकाच मॉडेलमध्ये मधेच मोटर बदललेली असते, नमुना दाखवला की वाद संपतो. रबर सुटं मिळतं, पण दुकानदार पूर्ण मोटरच पुढे करतो, जरा नेट लावून मागा. ते सुटं नाहीच मिळालं तर मग मोटरच घ्या, बहुतेकींबरोबर नवं रबर येतं. टाकी बदलायचा खर्च हा शेवटचा.

प्रश्न : दादा, माझ्या गाडीत टाकी भरलेली राहते. पण वॉशर मारला की बोनेटच्या खालून पाणी गळतं, पॅसेंजर साइडला बरं येतं आणि ड्रायव्हर साइडला नुसतं थेंब थेंब. गळक्या जागेवर टेप गुंडाळली पण टिकत नाही. (एक वाचक, वाकड)

उत्तर : ही दुसरी तक्रार, दाबल्यावरच गळणारी, आणि ही सोपी आहे कारण सगळं बोनेट उघडलं की डोळ्यासमोर असतं. टेप काढून टाका. आत पाण्याचा दाब असतो, बाहेरून गुंडाळलेली टेप तो धरत नाही आणि ओल्यावर चिकटत तर मुळीच नाही.

मोटरवरून एक नळी वर येते आणि बोनेटखाली प्लॅस्टिकच्या टी मध्ये दोन होते, एक डाव्या नोझलला एक उजव्या. तुमच्या वर्णनावरून टी ची ड्रायव्हरकडची तोटी तुटलेली असावी किंवा तिथली नळी सैल झालेली. इंजिनच्या उष्णतेने टी इतका ठिसूळ होतो की नळी ओढायला गेलं की हातात येतो. बायकोला किंवा मुलाला आत बसवून दांडी एक-दोन सेकंद ओढायला सांगा आणि तुम्ही बघा. एक सावधगिरी, वॉशरबरोबर वायपरही फिरतो आणि काही गाड्यांत बोनेट उघडं असेल तर वायपरचा दांडा बोनेटच्या कडेवर आपटून रंग उडतो, म्हणून आधी वायपरच्या मोटरचं कप्लिंग काढून ठेवा. नोझलच्या समोर तोंडही धरू नका, हे सांगावं लागतं.

नळी फक्त टोकाशी फाटली असेल आणि जरा लांबी शिल्लक असेल तर फाटका अर्धा इंच ब्लेडने सरळ कापा आणि परत चढवा. चढत नसेल तर टोक गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, मऊ पडते. पूर्ण नळी कडक, पिवळी झाली असेल तर बदलाच, एक जागा नीट केली की दुसरी फाटते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आतून 4 मिलिमीटरच्या आसपासची नळी असते पण जुना तुकडा दुकानात घेऊन जा. स्पेअरवाल्याकडे टी मिळाला नाही तर माशांच्या दुकानात, म्हणजे अ‍ॅक्वेरियमच्या हवेच्या पंपाचा टी बसतो, हा जुगाड अर्ध्या पुण्यात चालू असेल आणि टी पुरता तो ठीकच आहे. अ‍ॅक्वेरियमची पारदर्शक नळी मात्र इंजिनजवळ लावू नका, त्यातली स्वस्तातली पीव्हीसीची काही महिन्यांत कडक होते आणि सिलिकॉनची इतकी मऊ असते की वळणावर घडी पडून पाणीच थांबतं. सलाईनची नळी लावणारेही भेटलेत, ती बारीक असते, नोझलपर्यंत दम राहत नाही.

एवढं करूनही दांडी ओढल्यावर पाणी यायला दोन-तीन सेकंद लागत असतील तर ती गळती नाही. नळीत एक छोटा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, तो बिघडला की मोटर बंद झाल्यावर नळीतलं पाणी परत टाकीत उतरतं आणि पुढच्या वेळी सगळी नळी नव्याने भरावी लागते. काढून तोंडाने फुंकून बघा, एकाच बाजूने हवा गेली पाहिजे. बसवताना त्यावरचा बाण नोझलच्या दिशेने.

प्रश्न : मागच्या काचेचा वॉशर मारला की डिकीत वास येतो आणि छताचं कापड मागच्या कोपऱ्यात ओलं होतं. गॅरेजमध्ये सांगितलं पावसाचं पाणी आत येतंय, डिकीचं रबर बदला. बदललं. एप्रिलमध्ये पाऊस कुठला? (एक वाचक, वानवडी)

उत्तर : प्रश्न तुम्हीच विचारला आणि उत्तरही तुम्हीच दिलंत. मागच्या नोझलची नळी पुढच्या टाकीपासून निघते आणि गाडीच्या आतून, उंबरठ्याच्या पट्टीखालून किंवा छताच्या कापडामागून, पार मागे जाते. डिकीचं दार उघडतं-मिटतं तिथे बिजागरीशेजारी एक रबरी कोंबडा (म्हणजे घड्याघड्यांचा वाकणारा रबरी पाइप) असतो, त्यातून वायर आणि ही नळी दारात शिरतात. हजारो वेळा वाकून नळी तिथेच तुटते किंवा सांध्यातून निसटते आणि दाबलं की सगळं पाणी कापडात.

तो कोंबडा दोन्ही बाजूंनी खेचून काढा, आतली नळी बघा. निसटली असेल तर परत जोडून केबल टाय मारा. तुटली असेल तर सरळ जोडणी घालून जोडा पण जोड वाकायच्या जागेपासून लांब ठेवा. जोवर हे होत नाही तोवर मागचा वॉशर दाबू नका, घरात सगळ्यांना सांगून ठेवा. तिथूनच मागच्या वायरी जातात आणि ओल्या कापडाला बुरशी धरते, तो वास तोच. कापड मागून सैल करून उन्हात गाडी उघडी ठेवून वाळवा, अत्तराची बाटली टांगून काही होत नाही.

प्रश्न : काका, आमच्याकडे सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी. नोझल सारखे चोंदतात. मैत्रीण म्हणते व्हिनेगर टाक, भाऊ म्हणतो भांड्याचं लिक्विड टाक. नेमकं काय टाकू? (एक वाचक, उंड्री)

उत्तर : दोघांपैकी मैत्रीण बरोबर, पण अर्धी. बोअरच्या पाण्यातला क्षार नोझलच्या बारीक भोकात वाळून दगड होतो, आणि तो चुन्यासारखा क्षार व्हिनेगरमध्ये विरघळतो. पण ते टाकीत ओतून रोज काचेवर मारायचं नाही, खालच्या रंगावर आणि रबरांवर सारखं आंबट पाणी कशाला. नोझल काढता येत असतील तर वाटीत पांढरं व्हिनेगर कोमट करून त्यात तासभर बुडवा आणि नळीच्या उलट बाजूने हवा मारा म्हणजे खडा आत न ढकलता बाहेर येईल. गोल छोट्या गोळीवाले नोझल असतील तर बारीक टाचणीने भोक मोकळं करता येतं आणि त्याच टाचणीने दिशाही फिरवता येते, गाडी उभी असताना धार काचेच्या मध्याच्या जरा वर पडू द्या कारण स्पीडला वारा ती खाली दाबतो. पंख्यासारखा फवारा मारणाऱ्या नोझलमध्ये टाचणी घालू नका, आतली रचना बिघडते.

भावाला सांगा, भांड्याच्या लिक्विडचा फेस होतो, काचेवर तवंग राहतो आणि रात्री समोरच्या गाड्यांचे लाइट त्यात पसरून दिसतात. वॉशर फ्लुइडची बाटली मिळते, ती पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात टाकायची. पाणी शक्यतो आरओचं किंवा महापालिकेच्या नळाचं घ्या, ज्या घरी नळ येतो त्या नातेवाइकांकडे गेलात की दोन बाटल्या भरून आणा, चहाबरोबर तेवढं कुणी देतंच.

आणि नुसतं साधं पाणी महिनोन्‌महिने ठेवू नका याला अजून एक कारण आहे. 2010 मध्ये ब्रिटनमधल्या आरोग्य संशोधकांना असं आढळलं की वॉशरमध्ये नुसतं पाणी वापरणाऱ्या ड्रायव्हर लोकांमध्ये लिजिओनेला नावाच्या जंतूचा न्यूमोनिया जास्त दिसतो. गरम इंजिनजवळ कोमट राहिलेलं साचलेलं पाणी आणि त्याचा फवारा, दोन्ही त्या जंतूला सोयीचं. घाबरायचं कारण नाही, फ्लुइड टाका आणि वर्षातून एकदा टाकी धुवा.

प्रश्न : सदाशिव पेठेत वाड्याच्या बोळात गाडी असते. उंदरांनी वॉशरची नळी दोनदा कुरतडली. (एक वाचक)

उत्तर : पेठेतले उंदीर, त्यांच्याशी वाद नको. कुरतडलेला भाग कापून नवी नळी घाला आणि वरून वायरवर चढवायची प्लॅस्टिकची नालीदार स्लीव्ह चढवा, मोकळ्या लोंबणाऱ्या नळीवर दात आधी जातात म्हणून ती बॉडीला केबल टायने घट्ट धरा. बोनेटमध्ये बसून खाता येईल अशी घरटी, कागद, चिंध्या आधी साफ करा. नळी बदलताना शेजारच्या वायरी टॉर्च मारून तपासाच, नळी कुरतडली तर फार तर काच घाण राहते, वायर कुरतडली तर आग लागू शकते. गोळ्या ठेवल्या तर उंदीर मरतो खरा, पण कुठे मरेल ते तो सांगत नाही, एसीच्या ब्लोअरमध्ये मेला तर महिनाभर गाडीत बसवणार नाही.

प्रश्न : डिसेंबरात गाडी घेऊन मनालीला चाललोय. पुण्यात कधी प्रश्न आला नाही, तिकडे वॉशरला काही करावं लागेल का? वडील म्हणतात त्यात कूलंट टाक, तेही गोठत नाही. (एक वाचक, सिंहगड रोड)

उत्तर : वडिलांना नमस्कार सांगा आणि कूलंट टाकू नका. ते काचेवर तेलकट पसरतं, रंगाला चांगलं नाही, आणि गळलं तर गोडसर चवीमुळे कुत्री-मांजरं चाटतात, त्यांना ते जीवघेणं असतं. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, जुनी टाकी किंवा मोटरची तोटी तेवढ्यानेही तडकते आणि कळतं मात्र परत ऊन लागून वितळल्यावर. शून्याखाली चालणारं वॉशर फ्लुइड वेगळं येतं, बाटलीवर तापमान लिहिलेलं असतं, ते न मिसळता भरा आणि भरल्यावर दांडी एकदा चांगली ओढा म्हणजे नळीत आणि नोझलमध्ये राहिलेलं पुण्याचं साधं पाणी निघून जाईल. ते नाहीच मिळालं तर वर चढायच्या आधी टाकी पूर्ण रिकामी करा, काच पुसायला एक बाटली आणि कपडा गाडीच्या आत ठेवा.